सोवळे, स्वच्छ आणि निर्जंतुक



या शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला बोलावलेत. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आपण मला दिले होते. मराठीचा प्राध्यापक म्हटल्यावर संतवाङ्मय, नवकाव्य किंवा सीमाभागातील मराठी यांपैकी एखादा विषय येणार, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज रुग्णालयातील एका खोलीविषयी बोलणार आहे. शल्यक्रियेची हत्यारे जेथे धुतली जातात, बांधली जातात आणि वाफेने निर्जंतुक केली जातात, ती ही खोली. मोठ्या रुग्णालयांत तिला केंद्रीय निर्जंतुकीकरण विभाग म्हणतात. लहान इस्पितळांत ती जिन्याखालची एक जागाही असू शकते. रुग्ण ती कधी पाहत नाही, नातेवाईक पाहत नाहीत, आणि उद्घाटनाची फीत तिच्या दाराला क्वचितच बांधली जाते. परंतु शस्त्रक्रियेनंतर रुग्ण आपल्या पायांनी घरी जातो की नाही, याचा निर्णय पुष्कळदा या खोलीत झालेला असतो.

हा विषय डॉक्टरांचा आहे, त्यात भाषेच्या अभ्यासकाचे काय काम, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे की, या विषयाची अर्धी अडचण यंत्रांची आणि उरलेली अर्धी शब्दांची व मनोवृत्तीची आहे. त्या दुसऱ्या अर्ध्याविषयी बोलण्याचा अधिकार मी घेतो.

आपल्या भाषेत तीन शब्द आहेत : सोवळे, स्वच्छ आणि निर्जंतुक. पहिला शब्द प्राचीन, दुसरा सर्वांच्या नित्य वापरातला आणि तिसरा आधुनिक वैद्यकाबरोबर घडवला गेलेला. तिन्हींचा संबंध शुद्धतेशी असला तरी तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत, आणि एकाच्या जागी दुसरा समजला गेला की अनर्थ ओढवतो.

वरवर पाहता सोवळे आणि शल्यगृहातील निर्जंतुकता यांत विलक्षण साम्य दिसते. सोवळ्यातील माणूस इतरांना शिवत नाही. हातमोजे घातलेला शल्यविशारदही आपले हात छातीशी धरून उभा राहतो, कशाला स्पर्श करीत नाही. पण हे साम्य बाह्य आहे. सोवळ्याची कसोटी ही की, स्पर्श कोणी केला. निर्जंतुकतेची कसोटी ही की, उष्णता किती होती, दाब किती होता आणि तो किती वेळ टिकला. पहिली कसोटी माणसाचे कूळ विचारते, दुसरी घड्याळ आणि तापमापक पाहते. सोवळ्याच्या कल्पनेत शेणाने सारवलेली भूमी पवित्र. पण धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणातच असतात. नवजात अर्भकाच्या नाळेला राख किंवा शेण लावण्याची चाल आपल्या देशात अनेक ठिकाणी होती. नाळ न उकळलेल्या विळ्याने कापली जाई आणि पुढे आठवड्याभरात मूल धनुर्वाताने ताठरून जाई. पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाईची पूजा करण्याच्या आपल्या प्रथेवर त्या दिवसांच्या भीतीची छाया असावी, असे मला वाटते. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि स्वच्छ नाळ ही साधी पंचसूत्री सुइणींना शिकवली गेली, गरोदर स्त्रियांना लस मिळू लागली, रुग्णालयात बाळंतपणे होऊ लागली, आणि २०१५ साली भारताने माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे उच्चाटन केल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. ज्या देशात ही गोष्ट एके काळी अशक्यप्राय वाटे, त्या देशाने ती करून दाखवली आहे.

आता स्वच्छ आणि निर्जंतुक यांतील भेद पाहू. व्याकरणाच्या दृष्टीने ‘स्वच्छ’ या विशेषणाला तरतमभाव आहे : हे भांडे स्वच्छ, ते अधिक स्वच्छ. ‘निर्जंतुक’ला तरतमभाव नाही. एखादी कात्री ‘बऱ्यापैकी निर्जंतुक’ असू शकत नाही. ती असते किंवा नसते. शास्त्र याबाबतीत आपल्यापेक्षा नम्र आहे. प्रक्रियेनंतर वस्तूवर एखादा जिवंत जंतू उरण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून अधिक नसावी, अशी मर्यादा ते घालून घेते, आणि तेवढी खात्री झाल्यावरच तो शब्द वापरते. आपण मात्र पाण्याने चकचकीत धुतलेल्या वस्तूलाही निःशंकपणे तो शब्द लावतो. जुन्या दवाखान्यांत काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया उकळत्या पाण्यात ठेवीत, हे येथील ज्येष्ठांनी पाहिले आहे. उकळण्याने बहुतेक जंतू मरतात हे खरे. पण बीजाणू म्हणजे कवच पांघरून निजलेले जंतू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. त्यांना मारावयाचे तर शंभर अंश पुरत नाहीत. दाबाखालची संपृक्त वाफ लागते. १२१ अंश सेल्सिअसला साधारण पंधरा ते तीस मिनिटे, किंवा १३४ अंशांना तीन-चार मिनिटे, असे तिचे गणित आहे. पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलाँ याने १८७९ मध्ये त्यासाठी जे पात्र सिद्ध केले, तेच आजच्या ऑटोक्लेव्हचे मूळ. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर हा त्याच घराण्यातला.

शांबरलाँच्या आधी व्हिएन्नातील सेमेलवाइस याने १८४७ मध्ये प्रसूतिगृहातील डॉक्टरांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवावयास लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले होते, आणि १८६७ मध्ये लिस्टरने कार्बोलिक अॅसिड वापरून शल्यक्रियेचा कायापालट केल्याचे प्रसिद्ध केले. सेमेलवाइसला समकालीनांनी मानले नाही. त्याचे कारण पुराव्याचा अभाव हे नव्हते. सभ्य गृहस्थाचे हात मृत्यू वाहून नेतात, हे ऐकण्याची तयारी नव्हती. येथेही आड आले ते सोवळेच. फक्त ते युरोपातले होते.

हे सर्व दूरदेशीचे झाले. आपल्या इतिहासातील एक प्रकरण मी आता थोड्या विस्ताराने सांगतो, कारण आजच्या विषयाचे सारे धडे त्यात एकत्र आले आहेत.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढील काही वर्षांत त्याने पुणे, बेळगाव, धारवाड, हुबळी अशा सगळ्या मुलखाला झोडपून काढले. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला, हे आपणांस ठाऊक आहे. त्याच काळात वाल्देमार हाफकिन हा शास्त्रज्ञ मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा जागेत प्लेगवरील लस तयार करीत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये हुबळीत ही लस फार मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली; आज आपण तिला हाफकिन संस्था म्हणून ओळखतो.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. पाच बाटल्या उघडल्या गेल्या. त्यांपैकी एका बाटलीतून ज्या १९ जणांना लस मिळाली, ते सर्व धनुर्वाताने मरण पावले. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

चौकशी आयोग नेमला गेला. बाटली परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असा ठपका त्याने ठेवला. हाफकिनने लस निर्जंतुक करताना कार्बोलिक अॅसिड वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती, ही गोष्ट त्याच्या विरुद्ध गेली. त्याला पद सोडावे लागले. पण कागदपत्रे पुढे तज्ज्ञांच्या नजरेस आली, तेव्हा निराळेच सत्य दिसले. टोचणीच्या जागी बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर तापवला गेला नाही. कार्बोलिकच्या द्रावणात नुसता बुडवून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात, आणि त्या द्रावणाच्या क्षणभराच्या स्पर्शाने ते मरत नाहीत. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू आत आठवडेच्या आठवडे वाढत असते, तर दुर्गंधी आल्यावाचून राहती ना. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून हाफकिनची बाजू मांडली. त्यानंतर तो भारतात परतला. पण ज्या उमेदीने तो मुंबईस आला होता, ती उमेद या पाच वर्षांनी हिरावून घेतली होती.

मित्रहो, या प्रकरणात तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

पहिली : एकोणीस माणसांच्या मृत्यूला एक चिमटा पुरला. लस उत्तम होती, प्रयोगशाळा उत्तम होती, हेतू उत्तम होता. साखळीतील शेवटची, सर्वांत क्षुल्लक वाटणारी कडी तुटली.

दुसरी : सत्य शोधता आले ते बाटलीवर क्रमांक होता म्हणून. ‘५३ एन’ हा तो क्रमांक. कोणाला कोणत्या बाटलीतून टोचले याची नोंद नसती, तर एकोणीस मृत्यूंचा त्या एका बाटलीशी संबंध कधीच जोडता आला नसता आणि सबंध लसच बदनाम झाली असती. आजच्या चांगल्या निर्जंतुकीकरण विभागात हत्यारांच्या प्रत्येक गाठोड्यावर तारीख, यंत्राचा क्रमांक, फेरीचा क्रमांक आणि बांधणाऱ्याची खूण असते, आणि ती चिठ्ठी रुग्णाच्या कागदांत लावली जाते. त्यामागे हेच शहाणपण आहे. कारकुनी म्हणून ज्या नोंदीचा आपण कंटाळा करतो, ती संकटकाळी साक्षीदार असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. आयोगाने ‘कोणाचे चुकले’ हा प्रश्न विचारला. ‘काय चुकले’ हा प्रश्न आधी विचारला असता, तर पडलेल्या चिमट्याचे काय करावयाचे याचा स्पष्ट नियम मदतनिसाला कोणी शिकवला होता काय, त्याच्याजवळ दुसरा निर्जंतुक चिमटा होता काय, रांगेत शंभर माणसे उभी असताना काम थांबवण्याचा अधिकार त्याला होता काय, हे प्रश्न पुढे आले असते. गुणवत्तासुधारणा म्हणजे या दुसऱ्या प्रकारचे प्रश्न विचारण्याची सवय होय.

या शाळेपासून थोड्याच अंतरावर उद्यमबाग आहे. आपले कितीतरी माजी विद्यार्थी तेथील कारखान्यांतून काम करतात. ओतीव काम असो वा यंत्रावरचे, नग तयार झाला की गेज लावून माप पाहावयाचे, माप चुकले तर तो बाजूला काढावयाचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. निर्जंतुकतेची अडचण अशी की, तिला गेज लावता येत नाही. गाठोडे निर्जंतुक आहे की नाही हे पाहण्यासाठी ते उघडावे, तर उघडताक्षणी ते निर्जंतुक राहत नाही. म्हणून येथे तयार वस्तू तपासून भागत नाही. प्रक्रियेची प्रत्येक पायरीच तपासावी लागते.

त्या पायऱ्या कोणत्या? शस्त्रक्रिया संपल्यावर हत्यारावरचे रक्त वाळू द्यावयाचे नाही, ही पहिली. वाळलेल्या रक्ताच्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात, म्हणून जे नीट धुतलेले नाही, ते निर्जंतुकही होऊ शकत नाही. चिमट्याचे आणि कात्रीचे सांधे उघडून ब्रशाने घासावे लागतात, पोकळ नळ्यांच्या आतून पाणी खेळवावे लागते. मग भिंग धरून पाहणी, मग बांधणी. मळकी वस्तू एका दाराने आत यावी आणि निर्जंतुक वस्तू दुसऱ्या दाराने बाहेर जावी. दोघींची वाट कधी एकमेकींना छेदू नये. यंत्रात गाठोडी खच्चून भरावयाची नाहीत, कारण वाफेला वाट हवी. आतली हवा पूर्णपणे बाहेर गेली नाही तर त्या जागी वाफ पोहोचत नाही आणि तेथील तापमान चढत नाही. यासाठी रोज सकाळी पहिल्या फेरीला बोवी आणि डिक यांच्या नावाने ओळखली जाणारी हवेची चाचणी घेतात. गाठोड्यावरची रंग बदलणारी पट्टी एवढेच सांगते की, हे यंत्रात जाऊन आले. वाफ आत पोहोचली काय, हे सांगण्यासाठी आतली पट्टी असते. आणि अत्यंत चिवट बीजाणू मुद्दाम यंत्रात ठेवून ते मेले की नाही हे पाहणे, ही सर्वांत कठोर परीक्षा. शेवटी, बाहेर काढलेले गाठोडे ओले असेल तर ते बाद धरावे. ओल्या कापडातून जंतू आत शिरतात.

यंत्र चांगले असले की झाले, या भ्रमाचे उदाहरण इंग्लंडने १९७२ मध्ये पाहिले. डेव्हनपोर्ट येथील रुग्णालयात शिरेतून द्यावयाच्या ग्लुकोजच्या बाटल्या दूषित निघाल्या आणि रुग्ण दगावले. कारखान्यातील ऑटोक्लेव्हच्या तळाशी हवा साठून राहिली होती. खालच्या थरातील बाटल्यांपर्यंत पुरेशी उष्णता पोहोचलीच नव्हती. एक तापमापक ते दाखवीत होता, पण तोच बिघडला असेल असे समजून त्याच्याकडे दुर्लक्ष झाले. चौकशी समितीच्या अहवालाचा आशय असा होता की, हे काम साधेसोपे आहे, थोड्या कौशल्याच्या माणसांकडून फारशा देखरेखीविना ते होते, अशी समजूत बाळगणारे लोक फार आहेत. ज्या देशात ही विद्या वाढली, तेथे जर ही समजूत होती, तर आपल्याकडे ती असण्यात नवल नाही. पण आपल्याकडे तिला आणखी एक पदर आहे.

तो पदर असा. आपल्या समाजाने धुण्या-पुसण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या हलके मानले आणि ते ठराविक जातींच्या माथी मारले. ही वृत्ती रुग्णालयाच्या दाराशी चप्पल काढून ठेवावी तशी बाहेर राहत नाही. ती आत येते. हत्यार वापरणाऱ्याला मान आणि ते धुणाऱ्याला आज्ञा, अशी वाटणी होते. धुण्याच्या खोलीत सर्वांत कमी पगाराचा, कंत्राटावरचा, कालच आलेला माणूस उभा केला जातो. त्याला हातमोजे मिळतात की नाही, हे कोणी पाहत नाही; रक्ताने माखलेल्या सुया आणि पाती तो हाताळतो, म्हणजे त्याचा स्वतःचा जीवही धोक्यात असतो. गाडगे महाराजांनी हातात खराटा घेतला, तो केवळ रस्ते झाडण्यासाठी नव्हे. झाडणाराच्या हाताला प्रतिष्ठा मिळावी, हाही त्यांचा हेतू होता. १९२४ च्या डिसेंबरात येथेच, टिळकवाडीच्या परिसरात, महात्माजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वयंसेवकांनी सफाईचे काम आपल्या हातांनी केले होते. तो वारसा या मातीचा आहे. त्याच टिळकवाडीत ‘व्हॅक्सीन डेपो’ आहे. देवीची लस जेथे तयार होत असे, ते हे ठिकाण. देवीचा रोग जगातून गेल्याचे १९८० साली जाहीर झाले. त्या यशात डॉक्टरांइतकाच वाटा लस तयार करणाऱ्या, बाटल्या धुणाऱ्या आणि गावोगाव टोचत फिरणाऱ्या अनाम हातांचा होता.

आणि आता भाषेचा प्रश्न. सीमाभागात भाषा हा शब्द उच्चारला की आपले मन लगेच फलक, मोर्चे आणि न्यायालये यांच्याकडे जाते. ते प्रश्न त्यांच्या जागी आहेत. मी आज त्यांत शिरत नाही. पण निर्जंतुकीकरणाच्या यंत्रासमोर रात्रपाळीला उभा असलेला माणूस कोणत्या भाषेत विचार करतो, हा प्रश्न मला तितकाच निकडीचा वाटतो. आपल्या भागात तो मराठीत करीत असेल, कन्नडात करीत असेल, उर्दूतही करीत असेल. यंत्राची पुस्तिका, भिंतीवरची सूचना आणि हत्यारांची यादी मात्र इंग्रजीत असण्याचा संभव अधिक. ज्या सूचनेचा अर्थ कळत नाही, ती पाळली जात नाही. तिची केवळ नक्कल होते. ‘वाळू देऊ नका’, ‘सांधा उघडा’, ‘ओले गाठोडे परत पाठवा’, ‘शंका आली तर यंत्र थांबवा’ ही चार वाक्ये त्याच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, चित्रासह भिंतीवर असावीत, एवढे मागण्यासाठी कोणत्याही आंदोलनाची गरज नाही. भाषाप्रेमाची ही परीक्षा मला फार मोलाची वाटते. यात कन्नड आणि मराठी परस्परांच्या आड येत नाहीत. रुग्णाच्या जखमेला दोन्ही सारख्याच उपयोगी पडतात.

सुधारणा कशी करावी, याचा मार्ग गहन नाही. डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९५० मध्ये जपानी कारखानदारांना जी पद्धत शिकवली, तिचे सार असे : योजना करा, लहान प्रमाणात करून पाहा, परिणाम मोजा, आणि मग ती पद्धत रूढ करा किंवा बदला. आपल्या इस्पितळात या आठवड्यात ओली गाठोडी किती निघाली, शस्त्रक्रियेच्या टेबलावर उघडल्यावर एखादे हत्यार कमी निघाले असे किती वेळा झाले, वाळलेले रक्त किती हत्यारांवर दिसले, एवढे तीन आकडे एका फळ्यावर लिहावेत. पहिल्या महिन्यात आकडे वाढलेलेच दिसतील, कारण आजवर कोणी मोजलेच नव्हते. त्यावरून कोणाला शिक्षा झाली, तर दुसऱ्या महिन्यात आकडे शून्य होतील आणि दोष तेथेच राहतील. शिक्षा न करता कारण शोधले, तर आकडे हळूहळू आणि खरोखर उतरतील. शिक्षकांना हे वेगळे सांगावयास नको. वर्गात चूक कबूल करणाऱ्या मुलाला छडी मारली, तर पुढे सगळा वर्ग खोटे बोलू लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेपूर्वी म्हणावयाची एक यादी २००८ मध्ये पुढे आणली. छेद घेण्यापूर्वी सर्वांनी क्षणभर थांबून ज्या गोष्टींची खात्री करावयाची, त्यांत हत्यारांच्या निर्जंतुकतेची खूण पाहिली काय, हाही प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर परिचारिकेने द्यावयाचे आहे. म्हणजे शल्यविशारदाला थांबवण्याचा अधिकार तिला दिलेला आहे. आपल्या सरकारनेही २०१५ पासून ‘कायाकल्प’ या नावाने सार्वजनिक रुग्णालयांतील स्वच्छता व संसर्गनियंत्रण यांसाठी पारितोषिके सुरू केली. म्हणजे चौकट उपलब्ध आहे. तिच्यात प्राण फुंकणे स्थानिक माणसांच्या हाती आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्यापैकी कोणी डॉक्टर आहेत, कोणी परिचारिका, कोणी कारखानदार, कोणी विश्वस्त, कोणी देणगीदार. डॉक्टरांनी महिन्यातून एकदा त्या खोलीत जाऊन तेथील माणसाला त्याच्या नावाने हाक मारावी आणि त्याची अडचण विचारावी. उद्यमबागेतील मित्रांनी तापमापक आणि दाबमापक तपासून देण्याचे आपले कसब इस्पितळांना द्यावे. देणगीदारांनी दर्शनी दालनाच्या संगमरवराऐवजी कधी तरी धुण्याच्या खोलीतील चांगल्या नळाला आपले नाव द्यावे. आणि शाळेने आपल्या विज्ञानाच्या तासाला कुकरची शिट्टी वाजवून मुलांना सांगावे की, या वाफेवर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

चांगल्या शिक्षकाचे कामही त्या खोलीतल्या कामासारखेच असते. ते दिसत नाही. वर्षे लोटल्यावर विद्यार्थ्याच्या आयुष्यात काय घडले आणि काय घडू शकले नाही, यावरूनच त्याची किंमत कळते. अशा न दिसणाऱ्या कामाचे स्मरण ठेवण्यासाठी आपण आज येथे जमलो आहोत. त्या स्मृतीला मी वंदन करतो.